नित्याचा गुलाब

गुलाबाचं अत्तर म्हटलं की ऋजुता खैरनारला लग्नाचा मांडव आठवायचा. जड, गोड, डोकं धरणारा वास, वरबापाच्या कोटातून येणारा. असला गुलाब तिला नको होता. तिला हवा होता सकाळी कुंडीत नुकता उमललेला, पाकळीवर पाणी असलेला, देठाचा हिरवट वास सोबत घेऊन आलेला गुलाब. ऑफिसला जाताना, भाजी आणताना, बँकेच्या रांगेत उभं असताना तो अंगाला असावा, आणि शेजारच्याला उगीचच जरा बरं वाटावं. दिंडोरीजवळच्या 'गंधसार' कंपनीत ती कित्येक वर्षं या एकाच गुलाबाच्या मागे लागली होती. शेवटी तो सापडला माणसाच्या कातडीवर.

कातडीवर कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात हे आता शाळेतली पोरंही सांगतील. घामाला स्वतःचा असा वास फारसा नसतो. घामात आणि मेलेल्या कातडीत प्रथिनांचे तुकडे असतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. हे जीव ती खातात, आणि त्यांचं जे उष्टं-खरकटं उरतं त्याला आपण घामट वास म्हणतो. ऋजुतानं त्यांतल्या एका गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा जिवाणूला हाताशी धरलं आणि त्याचं जेवणच बदललं. फिनाइलअ‍ॅलनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. यीस्टला ते दिलं की यीस्ट त्याचं फिनाइल इथेनॉल करतं, आणि गुलाबाला गुलाबपण येतं ते बरंचसं या फिनाइल इथेनॉलमुळे. यीस्टची ती कला तिनं या जिवाणूच्या जनुकांत उतरवली. शिवाय दुर्गंध करणारे जीव ज्यावर जगतात ते सगळं अन्नही त्यानं आधीच फस्त करावं अशी सोय केली. म्हणजे दुर्गंधाचाच कच्चा माल घ्यायचा आणि त्याचा गुलाब करायचा. एकदा हाताला लावून चोळलं की पुढचे काही महिने बाटलीला हात लावायला नको. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या फळ्यावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'खाणं जास्त, गुलाब जास्त.' ते वाक्य पुढे तिला फार महागात पडलं.

अत्तराचं नाव ठरलं 'नित्या'. चाचण्या झाल्या त्या धडधाकट, तरण्या आणि मध्यम वयाच्या माणसांवर. एकालाही खाज सुटली नाही की पुरळ उठलं नाही. डबीवर बारीक अक्षरांत सूचना होत्या, की जखमेवर लावू नये, आणि आपली लावायची काडी दुसऱ्याला देऊ नये. गुढीपाडव्याला माल बाजारात यायचा होता. कंपनीचे मालक निनाद शिरोडे एवढे खूष होते, की जिन्यात भेटेल त्याला थांबवून स्वतःचं मनगट हुंगायला देत.

ऋजुता राहायची पिंपळगाव बसवंतला, आईपाशी. नवरा संकेत आखातात, दोह्याला नोकरीला होता, तेव्हा नाशिकला एकटीनं घर मांडून बसण्यापेक्षा माहेर बरं, असा साधा हिशेब होता. आई, उज्ज्वलाताई, सगळं आयुष्य द्राक्षं निवडून पेट्या भरायच्या पॅकहाउसात घालवलेली. नवरा गेला तेव्हा तिशीही उलटली नव्हती. पॅकहाउसात बांगड्या, गजरा, अत्तर काहीच चालत नसे, द्राक्षांना वास लागतो म्हणून, आणि ते तिला बरंच पडलं. चाललं असतं तरी तिला कुणी घालू दिलं नसतं.

ऋजुताच्या डोक्यात लहानपणचं एक हळदीकुंकू पक्कं बसलं होतं. समोरच्या बोरस्तेकाकूंकडचं. काकू ओळीनं बायकांना हळदीकुंकू लावत, हाताच्या पाठीवर अत्तराची काडी फिरवत पुढे येत होत्या. आईपाशी आल्या आणि हात तसाच पुढच्या बाईकडे गेला. "वहिनी, तुम्ही आत बसा ना जरा, तिळगूळ आत आणून देते," असं काकू म्हणाल्या, वाईट मनानं नव्हे, रीतच तशी होती म्हणून. आई आत गेली आणि बसून काय करायचं म्हणून सगळ्यांच्या कपबश्या विसळत राहिली. ऋजुता दारात उभी होती, हाताला अत्तर लागलेली. तो हात तिनं घरी येऊन साबणानं घासून काढला होता.

म्हणून या संक्रांतीला तिनं हळदीकुंकू केलं आणि आईला ओळीत बसवलं. चांदीच्या जुन्या अत्तरदाणीत अत्तराऐवजी 'नित्या' घातलं होतं. बोरस्तेकाकूंपासून सुरुवात केली. काकू आता थकल्या होत्या, साखरेचा त्रास होता, तिळगूळही हातात घेऊन नुसता कपाळाला लावायच्या. एकेक करत गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या हाताला काडी लागली. प्रत्येकीनं रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर चोळल्या आणि नाकाशी नेल्या. काडी एकच. प्रयोगशाळेत एक काडी दोघांना वापरणाऱ्याला ऋजुतानं दाराबाहेर काढलं असतं. पण घरचं हळदीकुंकू म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, आणि अत्तरदाणीला काडी एकच असते.

शेवटी ती आईपुढे बसली. आईनं हात पदराखाली घेतला.

"मला कशाला गं आता?"

"हळदीकुंकू नको म्हणालीस, नाही लावत. अत्तराला काय झालं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग बोरस्तेकाकूच म्हणाल्या, "लाव गं ऋजू. आता कोण काय म्हणतंय." आईनं हात पुढे केला. ऋजुतानं काडी फिरवली. आईनं हात चोळले, वास घेतला आणि डोळे मिटून बसून राहिली. त्या क्षणी ऋजुताला जे वाटलं ते तिला कंपनीनं दिलेल्या कुठल्याच मानानं वाटलं नव्हतं.

साखर आईलाही होती. दंडावर साखर सांगणारी पट्टी होती, ती फोनवर आकडे पाठवायची. पायाचं मात्र ती पट्टी काही सांगत नसे, आणि आईच्या पायांना बधिरपणा येऊन जमाना झाला होता. त्यासाठी आईची स्वतःची रीत होती. संध्याकाळी ती उंबऱ्यात बसायची, भेगाळलेल्या टाचांना खोबरेल चोळायची आणि मग तळहात नाकाशी न्यायची. लहानपणी ऋजुता हे बघून नाक मुरडायची, तेव्हा आईनं तिला आजोबांची गोष्ट सांगितली होती. आप्पांनाही साखर होती. त्यांच्या पायाची पट्टी आई रोज हुंगून मग बदलायची. एका दिवशी तिला वास बदललेला वाटला, तिनं हट्टानं त्यांना दवाखान्यात नेलं, एका बोटावर निभावलं आणि आप्पा त्यानंतर कितीतरी वर्षं मळ्यात हिंडले. "आधी वास येतो, दुखणं मागून येतं," असं आई म्हणायची. दिसायला कमी झालं तरी नाक शाबूत आहे याचा तिला अभिमान होता.

संक्रांत सरली आणि आईच्या अंगाचा गुलाब वाढू लागला. ऋजुताचा होता तेवढाच राहिला, काकूंचा आणि बाकीच्या बायकांचाही. आईचा मात्र दारातून आत पाऊल टाकताच जाणवायचा. दूधवाला थबकायचा. गल्लीतल्या बायका दुपारच्या येऊन बसू लागल्या. "वहिनी, तुम्हाला बरं लागू पडलंय," म्हणायच्या. आई हसायची. इतक्या वर्षांनी ती आरशापुढे जरा जास्त वेळ उभी राहू लागली. एकदा तिनं ऋजुताला विचारलं, लाजतच, की बाहेर जाताना ती फिकी गुलाबी साडी नेसली तर वाईट दिसेल का. ऋजुतानं स्वतः इस्त्री करून दिली.

शास्त्रज्ञ आनंदसुद्धा मोजायला जातो. ऋजुतानं प्रयोगशाळेतलं वास मोजायचं यंत्र घरी आणलं. आईच्या खोलीतला आकडा चाचण्यांतल्या कुठल्याही माणसापेक्षा कितीतरी पट वर निघाला. आईच्या हाताचा नमुना तपासला, तर जिवाणू तोच, काडीचाही बदल नाही. म्हणजे कारखाना तोच आणि माल मात्र बेसुमार. मग कच्चा माल कुठून येतोय, हा प्रश्न तिच्यापुढे आला, नाही असं नाही. खाणं जास्त, गुलाब जास्त. उतारवयात कातडी झडते, त्यातून प्रथिनं जास्त सुटत असतील, असं उत्तर तिनं स्वतःला दिलं आणि तेवढ्यावर तिचं समाधान झालं. यंत्र पलंगाच्या पायथ्याकडे नेलं असतं तर सगळं कळलं असतं. ते तिनं आईच्या हातापाशी धरलं, कारण अत्तर हाताला लावलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

शिरोडे मुद्दाम पिंपळगावला आले. खुर्चीत बसले, वास घेतला आणि म्हणाले की जाहिरातीत हीच आई हवी, साठी उलटलेली, ताजी. फोटो काढायला माणूस आला. आई फिकी गुलाबी साडी नेसून उंबऱ्यात बसली. पायांत लोकरी मोजे होते. फोटोवाल्यानं ते काढायला सांगितलं, तर भेगा दिसतील म्हणून तिनं पाय साडीत ओढून घेतले. त्या दिवशी ती जरा लंगडत होती. ऋजुतानं विचारलं तर म्हणाली, नवी चप्पल लागली असेल.

होळीच्या दिवशी पुरणाचा गॅस बंद करता करता ती ओट्यापाशीच कोसळली. अंग भाजत होतं, बोलणं असंबद्ध. नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात नेईपर्यंत तिचा रक्तदाब पार खाली गेला होता.

तिथल्या सिस्टरनं सलाइन लावलं आणि पायातला मोजा खाली केला. सगळा वॉर्ड गुलाबानं भरून गेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवून कौतुकानं पाहिलं. सिस्टरच्याही चेहऱ्यावर हसू आलं होतं, पण मोजा पुरता निघाला आणि ती मागे सरली. टाच काळी पडली होती. मधोमध भोक होतं, आणि आत खोलवर पांढरं हाड दिसत होतं.

डॉक्टर तरुण होते, दिवसभराच्या कामानं वैतागलेले. त्यांनी ऋजुताकडे पाहून विचारलं, की एकत्र राहता ना तुम्ही, मग वास कसा आला नाही? असा पाय घरात असला तर फाटकातून कळतो. ऋजुताला सगळं एकदम कळलं होतं. आईच्या हाताचा जिवाणू तेलाबरोबर भेगेत गेला होता. मांस सडतं तेव्हा त्यातली प्रथिनं फुटतात आणि अमिनो आम्लांचा नुसता पूर येतो. दुर्गंध करणाऱ्यांच्या तोंडचा घास काढून घ्यायला तिनंच त्याला शिकवलं होतं. पाय जितका सडत गेला तितका गुलाब फुलत गेला, आणि ती यंत्र घेऊन त्याचं कौतुक मोजत बसली.

विष रक्तात भिनलं होतं. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, पण आत्ता भूल सोसायची नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई थोडा वेळ शुद्धीवर आली. ऋजुता तिचा हात धरून रडत होती, रडता रडता विचारत होती की पायाचं का सांगितलं नाहीस, निदान मोजा काढून दाखवायचास.

"दिसत कुठं होतं मला, हाताला भेगच लागायची," आई म्हणाली. मग बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाली, "पण मी रोज वास घेऊन बघायचे गं. चांगला येत होता."

त्यात तक्रार नव्हती. आपण हयगय केली नाही एवढंच तिला लेकीला सांगायचं होतं. ऋजुताला त्या वाक्यानं आतून चिरलं.

बाहेर येऊन तिनं शिरोड्यांना फोन लावला. जे झालं ते सांगितलं आणि माल थांबवा म्हणाली. शिरोडे माणूस वाईट नव्हते, त्यांनी आधी आईचीच विचारपूस केली. पण पाडवा तोंडावर आला होता, माल दुकानांत पोहोचला होता. एका पेशंटवरून असा निष्कर्ष काढता येत नाही, हे तूच आम्हाला शिकवलंस, असं ते म्हणाले. आधी रीतसर तपासणी होऊ दे. तोवर ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. ऋजुता बरं म्हणाली. आई आत मरत असताना माणूस कशालाही बरं म्हणतो.

पहाटे आई गेली.

संकेतचं विमान दुपारनंतर मुंबईला उतरणार होतं, म्हणून देह घरी आणून ठेवला. टाचेची पट्टी काठाखाली झाकून फिकी गुलाबी साडी नेसवली. मार्चचं ऊन, पत्र्याची पडवी, बर्फाच्या लाद्या भराभर वितळत होत्या. आणि गुलाब सुटला. आधी पडवीत, मग अंगणात, मग गल्लीभर. माणसं भेटायला यायची आणि फाटकातच उभी राहायची. हार-फुलं नाहीत, उदबत्ती नाही, मग हा वास कुठला? कुणीतरी हळूच म्हणालं की पुण्यवान माणसाच्या देहाला असा सुगंध सुटतो. ते एका तोंडून दुसऱ्या तोंडी गेलं. जन्मभर कुणाला दुखवलं नाही हो बाईनं. पॅकहाउसातल्या जुन्या मैत्रिणी आल्या आणि डोक्यावर पदर घेऊन ओळीत उभ्या राहिल्या. बघता बघता रांग लागली. एकेक जण वाकून देहाच्या पायांना हात लावत होता आणि तो हात स्वतःच्या तोंडावरून, डोळ्यांवरून फिरवत होता. एका बाईनं तान्ह्या लेकराचं डोकं आईच्या पावलांवर टेकवलं.

ऋजुता आईच्या पायथ्याशी बसली होती. जिला हळदीकुंकवाच्या ओळीतून उठवून आत पाठवलं जायचं, तिच्या पायांसाठी आज गावानं ओळ लावली होती. आईला हा मान उभ्या जन्मात मिळाला नव्हता. एक शब्द बोललं नाही तर तो कायमचा तिचा राहणार होता. उज्ज्वलावहिनी गेल्या तेव्हा गल्लीत गुलाब दरवळला, असं लोक आपल्या नातवंडांना सांगणार होते. खरं सांगायचं म्हणजे आईला पुन्हा एकदा ओळीतून उठवायचं, आणि यावेळी स्वतःच्या हातानं. शिरोड्यांना दिलेला शब्द होता तो वेगळाच. गप्प बसावं, असं तिला मनापासून वाटत होतं. गप्प बसायला कुणाची हरकतही नव्हती.

तेवढ्यात रांगेत बोरस्तेकाकू पुढे आल्या. सुनेचा हात धरून, हळूहळू पाय टाकत. वाकवत नव्हतं तरी वाकल्या. "वहिनी, माझं चुकलं हो त्यावेळी," एवढंच पुटपुटल्या आणि त्यांचा हात आईच्या पायांकडे गेला.

ऋजुतानं तो हात वरच्यावर धरला.

"काकू, नका लावू हात." मग तिनं पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "कुणीच नका लावू. हे पुण्य नाही. आईचा पाय सडला होता. मी संक्रांतीला तुम्हा सगळ्यांच्या हाताला जे लावलं ना, ते सडलेल्याचा असा गुलाब करतं. तिला कळलं नाही, मलाही कळलं नाही. हात धुवून घ्या सगळ्यांनी, साबणानं घासून घ्या. त्या लेकराचं डोकंसुद्धा."

मागून एक म्हातारा चिडून म्हणाला की दुःखानं पोरीचं डोकं फिरलंय, आईच्या मढ्यापुढे काय बोलते ही. रांगेतल्या बायका आपापले हात अंगापासून दूर धरून उभ्या होत्या. तान्ह्या लेकराची आई नळाकडे धावली. रांग मोडली. आईच्या पायांशी आता कुणी नव्हतं.

बोरस्तेकाकू तेवढ्या हलल्या नाहीत. ऋजुतानं त्यांचा हात अजून धरून ठेवला होता. त्या तिथंच जमिनीवर टेकल्या आणि डावा पाय साडीच्या काठाखाली ओढू लागल्या. मग ओढायचं थांबल्या.

"ऋजू," त्या अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या अंगठ्यापाशी जरा कातडं गेलंय. दुखत नाही. पण गेले चार-आठ दिवस घरात फार छान वास येतोय गं."

ऋजुता आईच्या पायथ्याशी होती ती उठली आणि काकूंच्या पायाशी येऊन बसली. सून मागून काहीतरी विचारत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिनं काकूंचं पाऊल मांडीवर घेतलं, मोजा काढला, आणि आई करायची तसं वाकून नाक जवळ नेलं. सकाळी कुंडीत नुकता उमललेला, पाकळीवर पाणी असलेला गुलाब होता, अगदी तिला हवा होता तसा.